रेने बूस्के : दडपणाखालचा अधिकारी की सौदेबाज?

प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडून हरल्यावर फ्रान्समध्ये आलेल्या, जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारचा पोलीसप्रमुख असलेला रेने बूस्के जर्मनांच्या दडपणाखाली सापडलेला नोकरशहा होता, की त्यांचा मनापासूनचा साथीदार? आणि हजारो ज्यू धरून देऊनही १९४९ साली तो सुटला कसा?

आधी सरळ उत्तर देतो, मग तपशील. बूस्के ज्यूद्वेषाची भाषणं ठोकणाऱ्यांतला नव्हता. त्याच्या कपाळाला कुणी पिस्तूलही लावलं नव्हतं. तो सौदा करायला बसला होता. फ्रेंच पोलीस खात्याची सूत्रं फ्रेंचांच्याच हाती राहावीत एवढं त्याला हवं होतं, आणि त्याची किंमत त्याने दुसऱ्यांच्या जिवाने मोजली: फ्रान्समध्ये आसरा घेतलेल्या परदेशी ज्यूंच्या. १९४९च्या न्यायालयाने त्याला या किमतीबद्दल जवळजवळ काही विचारलंच नाही. त्याला विचारलं ते फ्रान्सशी गद्दारी केलीस का, एवढंच.

त्याचा जन्म ११ मे १९०९ चा, नैऋत्य फ्रान्समधल्या मोंतोबाँचा. वडील नोटरी. तिकडचा नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर छत्रीखाली बसून शिक्के मारणारा नव्हे. गावातली जमीन, वारसा, लग्नाचे करार, सगळे दस्त त्याच्या हातून जातात. मार्च १९३० मध्ये त्या भागात महापूर आला. वीस वर्षांच्या बूस्केने आदोल्फ पूल्त या मित्रासोबत डझनावारी माणसं पाण्यातून काढली. पूल्त त्यात बुडाला. बूस्केला लेजियाँ दॉनर हा फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान मिळाला आणि त्याचं नाव देशभर झालं. तुलूझच्या 'ला देपेश' या वृत्तपत्राचे मालक मोरिस सारो यांनी त्याला आपल्या पंखाखाली घेतलं. पुढची सगळी चढती कमान त्या एका पुरावर आणि या एका घराण्यावर उभी आहे.

सारो हे मध्यम-डाव्या रॅडिकल पक्षाचे, म्हणजे बूस्के मुळात प्रजासत्ताकवादी गोटातला. अनेक वाचक इथेच चुकतात. त्यांना तो तरुणपणापासून फॅसिस्ट असावा असं वाटतं. १९३६ साली डाव्यांची आघाडी सत्तेत आली तेव्हा समाजवादी गृहमंत्री रोझे सालाँग्रो यांनीच त्याला राष्ट्रीय पोलिसांच्या मध्यवर्ती नोंदकार्ड विभागावर नेमलं. १९३८ मध्ये तो व्हित्री-ल-फ्राँस्वा इथे उपप्रीफे झाला आणि सप्टेंबर १९४० मध्ये, एकतिसाव्या वर्षी, मार्न जिल्ह्याचा प्रीफे. त्या वेळी देशातला सर्वांत तरुण. प्रीफे म्हणजे साधारण आपला जिल्हाधिकारी, फक्त पोलीसही त्याच्याच हाताखाली. १९४० च्या पराभवानंतर फ्रान्सचे दोन भाग झाले होते: उत्तर जर्मनांच्या ताब्यात, दक्षिण व्हिशीकडे. मार्न जर्मनांच्या ताब्यातल्या भागात होता, त्यामुळे जर्मन अधिकाऱ्यांशी रोजचा व्यवहार. त्यांना काय हवं असतं, कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं, हे तो तिथे शिकला.

१८ एप्रिल १९४२ रोजी पिएर लाव्हाल सरकारप्रमुख म्हणून पुन्हा सत्तेवर आला. गृहखातं त्याने स्वतःकडे ठेवलं आणि बूस्केला पोलिसांचा महासचिव केलं. बूस्के तेव्हा तेहतीसचाही पुरा नव्हता. त्याच्या वर फक्त दोघे: लाव्हाल आणि व्हिशीचा राष्ट्रप्रमुख मार्शल पेताँ.

हे पद नेमकं काय होतं ते समजल्याशिवाय जबाबदारीचा हिशेब लागत नाही. एप्रिल १९४१ च्या कायद्याने दहा हजारांवर वस्तीच्या गावांतले नगरपालिकांचे पोलीस सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतले होते. प्रत्येक विभागात विभागीय प्रीफे, त्याच्या हाताखाली पोलीस अधीक्षकासारखा अधिकारी, आणि दंगलकाबूसाठी फिरती राखीव पथकं. या सगळ्याचं टोक बूस्केच्या टेबलावर येत होतं. अपवाद एकच, पण मोठा: पॅरिस. तिथलं पोलीस मुख्यालय स्वतंत्र, त्याचा प्रीफे वेगळा. १९४२ च्या उन्हाळ्यात तो आमेदे बुसिएर होता. म्हणून 'पॅरिसचा पोलीसप्रमुख बूस्के' असं कुणी लिहिलं, तर ते चूक. पण पॅरिसशी त्याचा संबंध नव्हता हा बचावही तितकाच चूक, कारण व्यापलेल्या भागासाठी झाँ लेगे हा त्याचा खास प्रतिनिधी पॅरिसमध्येच बसलेला होता आणि धरपकडीच्या बैठकांना तो हजर होता.

आता दुसरी बाजू. १९४२ च्या मध्यावर जर्मनांकडे व्यापलेल्या फ्रान्ससाठी स्वतःचे पोलीस होते जेमतेम तीन हजारांच्या आसपास. फ्रेंच पोलीस एक लाखाच्या घरात. गल्ल्या माहीत असलेले, भाषा येणारे, इमारतीच्या राखणदारणीला नावाने हाक मारणारे पोलीस फक्त फ्रेंचांकडे होते. दडपणाबद्दल बोलताना हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. जर्मनांना बूस्केची गरज होती आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात नाझींच्या सुरक्षा पोलिसांचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिख पॅरिसला आला. सोबत त्याने कार्ल ओबर्गला आणलं आणि फ्रान्समधल्या एसएस (नाझी पक्षाची सशस्त्र संघटना) व पोलिसांचा प्रमुख म्हणून बसवलं. तोवर पोलिसी कारभार जर्मन लष्कराकडे होता; आता तो एसएसकडे गेला. बूस्केची आणि हायड्रिखची भेट झाली. जर्मन कागदांनुसार, व्यापलेल्या भागातल्या राज्यहीन, म्हणजे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेल्या, ज्यूंना पूर्वेकडे पाठवण्याची गोष्ट निघाली तेव्हा बूस्केनेच विचारलं की दक्षिणेकडच्या छावण्यांत दीड वर्षापासून पडलेल्या ज्यूंनाही नेता येईल का. हे वाक्य पुढे त्याच्या गळ्यात अडकलं.

जूनमध्ये बर्लिनला, ज्यूंच्या रवानगीचं काम पाहणाऱ्या आइकमनच्या कचेरीत फ्रान्सचा वाटा ठरला: एक लाख. पॅरिसमधला त्याचा माणूस थिओडोर डानेकर याने हिशेब करून तो चाळीस हजारांवर आणला. मग २ जुलै १९४२ ची बैठक: एका बाजूला ओबर्ग, फ्रान्समधल्या जर्मन सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हेल्मुट क्नोखेन आणि त्यांचे सहकारी, दुसऱ्या बाजूला बूस्के. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे या बैठकीचं इतिवृत्त. ते जर्मनांनी लिहिलेलं आहे, त्यामुळे जपून वाचायला हवं. पण त्यात जे ठरलं म्हणून लिहिलंय तेच पुढच्या फ्रेंच आदेशांत उतरलं, तेव्हा मूळ मजकुराबद्दल शंका घ्यायला जागा राहत नाही.

सौदा कसा सरकत गेला ते पाहण्यासारखं आहे. बूस्केने सुरुवात नकाराने केली: व्यापलेल्या भागात फ्रेंच पोलीस अटका करणार नाहीत, हवं तर जर्मनांनी कराव्यात, दक्षिणेत फक्त परदेशी ज्यूंना धरू. आक्षेप धरपकडीला नव्हताच, ती फ्रेंच पोलिसांनी करणं अडचणीचं होतं. क्नोखेनने हिटलरची भूमिका पुढे केली, ही भाषा त्याला समजणार नाही असं सुनावलं. बूस्के सरकला. शेवटी ठरलं ते असं: फ्रेंच नागरिक असलेल्या ज्यूंना तूर्त हात लावायचा नाही, त्या बदल्यात दोन्ही भागांतल्या परदेशी ज्यूंना फ्रेंच पोलीस स्वतः धरतील, आणि जर्मनांना हव्या त्या संख्येने. म्हणजे हातावर तुरी देऊन पळण्याची वाटही त्याने ठेवली नाही. संख्या समोरच्याच्या हाती दिली. यातून फ्रेंच बाजूला मिळालं काय? ऑगस्टमध्ये जाहीर झालेला ओबर्ग-बूस्के करार. त्यानुसार फ्रेंच पोलीस जर्मनांच्या थेट हुकुमाखाली येणार नव्हते, ओलीस निवडून देण्याचं काम त्यांच्या माथी मारलं जाणार नव्हतं. बदल्यात कम्युनिस्ट आणि 'दहशतवादी', म्हणजेच प्रतिकार चळवळीतले लोक, यांच्याविरुद्ध त्यांनी पूर्ण जोर लावायचा. कागदावर सार्वभौमत्व वाचलं. ते सार्वभौमत्व वापरायचं मात्र जर्मनांना हव्या असलेल्या कामासाठीच.

दोन दिवसांनी लाव्हालने आणखी एक भर घातली: दक्षिणेतून कुटुंबं न्याल तेव्हा सोळा वर्षांखालची मुलंही न्या, व्यापलेल्या भागातल्या मुलांशी मला कर्तव्य नाही. जर्मनांनी तोवर मुलं मागितलीच नव्हती. डानेकरने ६ जुलैला बर्लिनला विचारणा केली आणि उत्तर आलं २० जुलैच्या सुमाराला. हे चौदा दिवस लक्षात ठेवा.

१६ आणि १७ जुलैची पॅरिसची धरपकड उभी राहिली ती कार्डांवर. ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मन वटहुकुमावरून सेन जिल्ह्यात, म्हणजे पॅरिस आणि परिसरात, ज्यूंची नोंदणी झाली. १,४९,७३४ जणांनी ठाण्यावर जाऊन स्वतःची नावं दिली. कायदा पाळायची सवय असलेली माणसं ती. पोलीस मुख्यालयातल्या आंद्रे त्यूलारने त्या नोंदींची चार प्रकारे लावलेली कार्डं तयार केली: आडनावानुसार, राष्ट्रीयत्वानुसार, पत्त्यानुसार आणि धंद्यानुसार. रंगही वेगळे, फ्रेंच नागरिकांची निळी, परदेशी लोकांची नारिंगी, राज्यहीनांची फिकट तपकिरी. पत्त्यानुसार लावलेल्या गठ्ठ्याचं महत्त्व धाड घालणाऱ्यालाच कळेल. रस्ता काढला की घरं क्रमाने येतात.

त्यातून जर्मन, ऑस्ट्रियन, पोलिश, चेकोस्लोव्हाक, रशियन आणि राज्यहीन अशा ज्यूंची सत्तावीस हजारांहून जास्त कार्डं बाजूला काढली. पुरुष १६ ते ६०, बायका १६ ते ५५. दिवस आधी १३ जुलै धरला होता. १४ जुलै हा राष्ट्रीय सण, लोक रस्त्यावर असणार, म्हणून तो १६ वर ढकलला. साडेचार हजारांच्या आसपास पोलीस, दोघादोघांच्या जोड्या, शक्यतो एक गणवेशात आणि एक साध्या कपड्यांत. पॅरिसच्या सार्वजनिक वाहतुकीच्या पन्नास बस. सुरुवात पहाटे चारला.

नगर पोलिसांचा संचालक एमिल एन्कँ याने १३ जुलैला काढलेलं परिपत्रक आजही मिळतं. ओळख पटल्यावर त्या माणसाशी वाद घालायचा नाही, तब्येतीच्या तक्रारी ऐकत बसायचं नाही. गॅस, वीज आणि पाण्याचे मीटर बंद आहेत का पाहायचं. घरातले प्राणी इमारतीच्या राखणदाराकडे द्यायचे, किल्ल्याही त्याच्याकडेच. सोबत न्यायच्या सामानाची यादी: दोन पांघरुणं, बुटांचा एक जोड, मोज्यांचे दोन, दोन सदरे, दोन अंतर्वस्त्रं, कामाचा एक जुना कपडा, एक स्वेटर, चादरींची जोडी, जेवणाचं भांडं, पेला, चमचा-काटा, दाढीचं सामान चालेल, आणि किमान दोन दिवसांचं खाणं. काम झपाट्याने उरकायचं, एक शब्द जास्त बोलायचा नाही.

मांजराची सोय आहे, मीटरची आहे. पकडलेल्या माणसांना पुढे पाण्याचा घोट कुठून मिळणार, याबद्दल मात्र ओळ नाही.

आकड्यांत गोंधळ नेहमी होतो, म्हणून सोडवून सांगतो. १७ जुलैच्या संध्याकाळचा हिशेब १२,८८४ चा. पुढच्या दोन-तीन दिवसांतले धरून अंतिम आकडा १३,१५२. एकटे आणि बिनमुलांची जोडपी मिळून ४,९९२ जणांना थेट पॅरिसजवळच्या द्राँसीच्या छावणीत नेलं. मुलंबाळं असलेली कुटुंबं हिवाळी सायकल शर्यतींच्या बंदिस्त स्टेडियममध्ये, वेलोद्रोम दिव्हेरमध्ये कोंडली. ती माणसं ८,१६०, त्यात मुलं ४,११५. तेव्हा 'स्टेडियममध्ये तेरा हजार' हे वाक्य कुठेही वाचलंत तर लेखकाने दोन आकडे एकत्र केले आहेत असं समजा.

पोलिसांच्या दृष्टीने ही मोहीम फसली, निदान अर्धी तरी. कार्डांच्या निम्म्याच्या आसपासच माणसं हाती लागली. कारणं सरळ आहेत. मोहीम मोठी, माहिती असलेले लोक शेकड्यांनी, त्यातल्या काही पोलिसांनीच आदल्या दिवशी निरोप पोचवले. ज्यू कम्युनिस्ट गटांनी यिडिश भाषेत पत्रकं वाटली. पण १९४१ च्या सगळ्या धाडींत फक्त पुरुषांना नेलं होतं, म्हणून या वेळीही पुरुष लपले आणि बायका-मुलं घरी राहिली. पकडलेल्यांत बायका पुरुषांच्या जवळपास दुप्पट दिसतात त्याचं कारण हे.

स्टेडियममध्ये पाच दिवस. हवाई हल्ल्याच्या भीतीने काचेचं छत निळं रंगवलेलं, खिडक्या बंद, जुलैचा उकाडा. शौचालयं मोजकी, त्यातलीही काही बंद, कारण त्यांच्या खिडक्यांतून रस्त्यावर उडी मारता आली असती. अग्निशमन दलाचा कॅप्टन पिएरे याने वरिष्ठांची वाट न पाहता नळ्या उघडून पाणी सोडलं, आणि त्याच्या जवानांनी लोकांच्या चिठ्ठ्या खिशात घालून बाहेर टाकल्या. त्यानंतर पितिविए आणि बोन-ला-रोलाँद या छावण्या. आणि इथे ते चौदा दिवस आडवे आले. मुलांबद्दल बर्लिनचा होकार येईपर्यंत गाड्यांचं वेळापत्रक ठरून गेलं होतं. गाडी तर भरायलाच हवी. म्हणून आधी आई-बाप गेले. छावणीच्या तारेशी आयांच्या कमरेला बिलगलेली मुलं जाँदार्मांनी (फ्रेंच लष्करी पोलिसांनी) ओढून काढली. तीन हजारांहून जास्त मुलं मागे राहिली, कित्येकांना स्वतःचं आडनावही सांगता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये त्यांना द्राँसीला आणि तिथून अनोळखी मोठ्या माणसांसोबत ऑशविट्झला पाठवलं.

या धरपकडीचं छायाचित्र म्हणून आतल्या गर्दीचा जो फोटो वर्षानुवर्षं छापला गेला, तो तिचा नाहीच. तो पॅरिस जर्मनांपासून मुक्त झाल्यावर, १९४४ मध्ये, त्याच स्टेडियममध्ये कोंडलेल्या जर्मनधार्जिण्यांचा आहे. वकील-इतिहासकार सर्ज क्लार्सफेल्ड यांनी ही चूक दाखवून दिली. खरा उरलेला फोटो एकच, बाहेर उभ्या बसचा, आणि त्यात माणूस जवळजवळ दिसत नाही.

पॅरिसवर लोक खूप बोलतात. बूस्केची वैयक्तिक जबाबदारी तोलायची तर मात्र नजर दक्षिणेकडे वळवावी. तिथे ऑगस्ट १९४२ मध्ये एकही जर्मन सैनिक तैनात नव्हता. पोलीस, रेल्वे, छावण्या, सगळं व्हिशीचं. आणि आदेश थेट बूस्केच्या कार्यालयातून निघालेले. ५ ऑगस्टच्या परिपत्रकात १९३६ नंतर देशात आलेल्या ठरावीक राष्ट्रीयत्वांच्या ज्यूंना धरायचा हुकूम आहे, पण सोबत सवलतींची लांब यादीही आहे: म्हातारे, एकटी मुलं, आजारी, वगैरे. अठरा वर्षांखालची मुलं मागे ठेवायची असतील तर आई-बापांना मुभा. १८ ऑगस्टला दुसरा आदेश आला आणि यादी छाटली गेली. मुलं मागे ठेवायची मुभाही गेली. २२ ऑगस्टच्या तारेत विभागीय प्रीफेंना बजावलं आहे की मोहिमेवर स्वतः लक्ष ठेवा, लोकांकडून होणारा कसलाही विरोध मोडून काढा आणि ज्यांच्या ढिलाईमुळे किंवा तोंड सैल सुटल्यामुळे काम बिघडेल अशा कर्मचाऱ्यांची नावं कळवा. ही भाषा अडचणीत सापडलेल्या माणसाची नाही. अपेक्षित आकडा गाठायचा असलेल्या साहेबाची आहे.

२६ ऑगस्टच्या पहाटेपासून साडेसहा हजारांवर लोक पकडले. छावण्यांतून आधी काढलेले धरले तर दक्षिणेतून सुमारे दहा हजार जण जर्मनांच्या हवाली झाले. जर्मन अंमल नसलेल्या प्रदेशातून सरकारने स्वतःहून ज्यू काढून दिल्याचं असं दुसरं उदाहरण पश्चिम युरोपात नाही.

त्याच दिवसांत काय घडू शकत होतं तेही दिसलं. २३ ऑगस्टला तुलूझचे आर्चबिशप सालियेज यांचं पत्र चर्चांमधून वाचलं गेलं: ज्यूही माणसं आहेत, त्यांच्याशी वाटेल तसं वागता येणार नाही. प्रीफेने ते थांबवायचा प्रयत्न केला होता. पुढच्या रविवारी मोंतोबाँचे बिशप तेआस यांचं पत्र आलं. मोंतोबाँ, म्हणजे बूस्केचंच गाव. या गदारोळानंतर २ सप्टेंबरला लाव्हालने ओबर्गला सांगितलं की आणखी मागण्या करू नका, अडचण होते आहे. आणि जर्मनांनी, निदान काही काळ, ऐकलं. फ्रेंच पोलिसांचं सहकार्य गमावणं त्यांना परवडणारं नव्हतं. नोव्हेंबरनंतर गाड्या थांबल्या त्या फेब्रुवारी १९४३ पर्यंत. १९४२ या एका वर्षात फ्रान्समधून सुमारे ४२ हजार ज्यू पाठवले गेले. पूर्ण युद्धातला आकडा सुमारे ७६ हजार, परतले अडीच हजारांच्या आसपास. निम्म्याहून जास्त माणसं बूस्केच्या पहिल्याच वर्षातली. 'मी नसतो तर याहून वाईट झालं असतं' हा त्याचा युक्तिवाद या आकड्यांवर आपटून फुटतो.

मार्सेयबद्दल थोडक्यात. जानेवारी १९४३ मध्ये जुन्या बंदराची वस्ती रिकामी करून पाडायचा हुकूम एसएसचा सर्वोच्च प्रमुख हिमलरकडून आला. बूस्केने मुदत वाढवून घेतली, आणि कारवाई फ्रेंच पोलिसांकडे घेतली. सुमारे बारा हजार पोलीस, वीस हजारांहून जास्त रहिवासी घराबाहेर, १,६४२ जण गाडीत. त्यातल्या ७८२ ज्यूंची रवानगी पुढे सोबिबोरच्या मृत्युछावणीत झाली. फेब्रुवारीत सुरुंग लावून वस्ती उडवली. बूस्केचा सर्वांना माहीत असलेला फोटो तिथलाच: नगरभवनात, केसाळ कॉलरचा ओव्हरकोट, जर्मन अधिकाऱ्यांच्या घोळक्यात हसरा चेहरा.

१९४३ उलटत गेलं तसा सौद्यातला त्याचा माल संपत गेला. युद्ध फिरलं होतं. फ्रेंच नागरिकत्व मिळालेल्या ज्यूंचं नागरिकत्व काढण्याचा कायदा जर्मनांना हवा होता; ऑगस्टमध्ये व्हिशीने तो अडवला. २ डिसेंबरला मिलिस या व्हिशीच्या निमलष्करी टोळीने मोरिस सारोंचा खून केला. आपल्या पालनकर्त्याचा खून म्हटल्यावर बूस्केने मारेकऱ्यांना झपाट्याने पकडलं. जर्मनांना आता त्याच्यासारखा घासाघीस करणारा नकोच होता. वर्षअखेरीस त्याची खुर्ची मिलिसचाच म्होरक्या जोझेफ दार्नाँकडे गेली. जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीत सैन्य उतरल्यावर, जर्मनांनी बूस्केला अटक करून बायको-मुलासह बव्हेरियात नेलं. तिथे तुरुंग नव्हता, तळ्याकाठचं घर होतं. पण 'जर्मनांनी मला पकडलं होतं' हे वाक्य न्यायालयात सोन्याच्या भावाने खपलं.

आता सुटकेचा भाग. २१ ते २३ जून १९४९, तीन दिवस, उच्च न्यायपीठापुढे खटला. हे व्यावसायिक न्यायाधीशांचं कोर्ट नव्हतं. व्हिशीच्या मंत्र्या-सचिवांसाठी नेमलेलं, खासदारांच्या ज्यूरीचं पीठ होतं. आरोप राष्ट्रीय संरक्षणाच्या हिताला बाधा आणल्याचा. या चौकटीत बळी ठरतं ते फ्रान्स. पोलंडहून आलेली शिवणकाम करणारी बाई नव्हे. पॅरिसच्या धाडीचा विषय निघाला तेव्हा ती शहर पोलिसांची कामगिरी म्हणून बाजूला सरली. लाव्हालला १९४५ मध्येच गोळ्या घातलेल्या, तेव्हा त्याच्यावर ढकललेलं काहीही उलटून येणार नव्हतं. प्रतिकार चळवळीतल्या काही लोकांनी बूस्केने मदत केल्याच्या साक्षी दिल्या, आणि त्या सगळ्याच खोट्या नव्हत्या. १९४३ मध्ये त्याने दोन्ही दगडांवर पाय ठेवले होते. शिवाय १९४९ म्हणजे शीतयुद्ध. देशाला हिशेब मिटवायची घाई झाली होती.

निकाल: मुख्य आरोपातून मुक्त. व्हिशीत पद भूषवल्याबद्दल 'राष्ट्रीय अपात्रते'ची, म्हणजे नागरी हक्क गमावण्याची, पाच वर्षं, आणि तीही प्रतिकाराला मदत केल्याच्या कारणावरून तिथल्या तिथे माफ. याच धाडीसाठी त्याच्या खालच्या पायरीवरच्या बुसिएरला जन्मठेप आणि एन्कँला आठ वर्षं सक्तमजुरी झाली होती, अर्थात दोघेही मुदतीआधीच बाहेर आले. १९५४ मध्ये ओबर्ग आणि क्नोखेनला फाशी सुनावली गेली, शिक्षा कमी होत गेली आणि १९६२ मध्ये तेही घरी गेले.

पुढची जवळजवळ तीस वर्षं बूस्के प्रतिष्ठित माणूस होता. बँक द लँदोशीनमध्ये वरच्या पदावर (हीच बँक एकेकाळी पाँडिचेरीतही होती), अनेक कंपन्यांच्या संचालक मंडळांवर, 'ला देपेश'च्या कारभारात. १९५७ मध्ये लेजियाँ दॉनर परत मिळाला. १९५८ मध्ये मार्नमधून निवडणूक लढवून पडला. १९६५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याच्या वृत्तपत्राने फ्राँस्वा मितराँ (पुढे १९८१ पासून फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष) यांची बाजू घेतली. मितराँच्या लाच इथल्या घरी जेवणाच्या टेबलावर तो बसलेला १९७४ चा फोटो पुढे बाहेर आला आणि समाजवाद्यांची पंचाईत झाली.

पडझड सुरू झाली ऑक्टोबर १९७८ मध्ये. व्हिशीचा ज्यू प्रश्नांचा आयुक्त दार्किए द पेलपुआ स्पेनमध्ये लपून होता; त्याने एका साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगून टाकलं की ती मोठी धाड बूस्केने आखली. बूस्केला संचालक मंडळं सोडावी लागली. १९७९ मध्ये त्याचा प्रतिनिधी लेगे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेलेला पहिला फ्रेंच ठरला. १९८९ मध्ये खटल्याआधीच तो वारला.

बूस्केवर खटला भरण्यात खरी कायदेशीर अडचण होती. त्या गुन्ह्यांना १९६४ च्या फ्रेंच कायद्याने मुदतीची मर्यादा नाही, पण एकाच कृत्यासाठी दोनदा खटला चालत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम २० मध्येही हे तत्त्व आहेच. क्लार्सफेल्डनी १९८९ च्या तक्रारीत वाट काढली ती दक्षिणेच्या तारांमधून: मुलांच्या सवलती रद्द करणारे आदेश १९४९ मध्ये तपासलेच गेले नव्हते, म्हणजे ही नवी कृत्यं. मग सरकारी पक्षाने प्रकरण पुन्हा त्याच उच्च न्यायपीठाकडे पाठवायचा घाट घातला, जे केव्हाच बरखास्त झालं होतं. न्यायालयाने ते फेटाळलं. १९९१ मध्ये आरोप ठेवले गेले, पण तपास रेंगाळला. मितराँनी १९९४ मध्ये दूरदर्शनवर या मैत्रीबद्दल बोलताना हात झटकले नाहीत, यावरून ही रेंगाळ कुठून आली याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

८ जून १९९३ च्या सकाळी ख्रिस्तियाँ दिदिए नावाचा माणूस गृहखात्याचे कागद द्यायचे आहेत असं सांगून पॅरिसच्या सोळाव्या विभागातल्या बूस्केच्या घरात शिरला आणि त्याने त्याला गोळ्या घातल्या. बूस्के चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. नंतर दिदिएने पत्रकारांना बोलावून स्वतःच हकीकत सांगितली. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. आरोपीच्या मृत्यूने खटला संपतो, त्यामुळे कायद्याच्या दप्तरी बूस्केच्या नावावर आजही १९४९ चाच निकाल आहे.

त्यूलारची कार्डं युद्धानंतर १९४८-४९ मध्ये सरकारी आदेशाने नष्ट झाली. १९९१ मध्ये माजी सैनिक मंत्रालयात क्लार्सफेल्डना एक मोठा कार्डसंच सापडला तेव्हा तीच मिळाली असं वाटलं. इतिहासकारांच्या समितीने तपासून सांगितलं की ही अटक झालेल्यांची आणि छावण्यांतल्या लोकांची, वेगवेगळ्या संचांतून उरलेली कार्डं आहेत. ती आता पॅरिसच्या शोआ (ज्यूंचा नरसंहार) स्मारकात, काचेमागे, खोक्यांमध्ये उभी लावून ठेवलेली आहेत.